उघडायचं नाही असं ठरवूनही

बोटाच्या पेराएवढं पितळी कुलूप. टेलिफोनच्या तबकडीच्या एका भोकात अडकवलेलं. तबकडी फिरवायला गेलं की ते आडवं येतं.

*

निळ्या बाहीच्या आतून सुई वर येते. मागोमाग धागा. मागोमाग करंगळी, जरा बाहेर वळलेली, जणू तिचं बाकीच्या बोटांशी वाकडं आहे.

*

"मी ठरवतच नाही, बाई. मग मोडणार काय? कपाळ?" एक बसचालक, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा, एका हातात फोन.

*

खातं: चाचणी सात. फोटो नाही. ओळख नाही. जन्मतारीख पहिल्या महिन्याची पहिली.

*

"काढ तो फोटो."

"नाही काढत. आई काय एकटी तुझी होती?"

*

टक टक टक. टक टक. टक टक टक टक टक.

*

विधान अकरा. उघडायचं नाही असं ठरवूनही मी ते उघडतो किंवा उघडते. कधीच नाही. क्वचित. कधीकधी. बहुतेक वेळा. नेहमी.

*

हे तुकडे सात ठिकाणचे वाटतील, पण ते सगळे एकाच बाईच्या डोक्यात भाडेकरूंसारखे दाटीवाटीने राहत होते. बाईचं काम मोजण्याचं. उंची, वजन, ताप मोजायला यंत्रं असतात. पण "आता बास" असं मनाशी म्हणूनही माणसाचा अंगठा पडद्यावर सरकतच राहतो, तेव्हा त्याच्या आत जे हरतं ते किती हरतं, हे दाखवणारा काटा अजून निघालेला नाही. त्यासाठी विधानं लागतात. साधी, छोटी, कोणालाही स्वतःची वाटतील अशी. माणूस वाचतो, पाचांपैकी एका उत्तरावर खूण करतो, आणि त्या खुणांच्या बेरजेतून सोशल मीडियापुढे त्याचा स्वतःवर किती ताबा चालतो याचा अंदाज येतो. संशोधन विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर बाई अशी विधानं लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. सहकारी तिला मोजपट्टी म्हणत. ती रागवायची नाही. टोपणनाव जितकं बरोबर, तितकं त्यावर रागावता येत नाही.

तिची एक गोष्ट मात्र विभागात कोणालाच ठाऊक नव्हती. ती रोज जे मोजायची, तेच रोज हरायची.

विधान चार. मी त्यावर जे बघतो ते इतरांना कळू नये असं मला वाटतं.

मोजपट्टीची ताई रफू करायची. फाटलेल्या कपड्याचाच धागा शिवणीतून काढून भोक असं बुजवायची, की कपड्याच्या मालकालाही जागा शोधावी लागे. तिचं एक पान होतं. त्यावर ती व्हिडिओ टाकायची: टेबल, दिवा, कपडा आणि दोन हात. तोंड कधी नाही. पुष्कळ लोक बघायचे. फाटलेलं सांधताना बघायला माणसाला फुकटचं बरं वाटतं.

आई गेल्यावर थोड्या दिवसांनी ताईने त्याच पानावर आईचा एक फोटो लावला. आई त्यात हसतेय. डोळे मिटलेले, मान मागे, तोंड उघडं, आणि तोंडात एकही दात नाही. कवळी शेजारी पेल्यात.

आता, ही आई म्हणजे कोण? कवळी बसल्यापासून जिने दात लावल्याशिवाय दूधवाल्यालाही दार उघडलं नाही ती. हसू आलं की तळहात आधी वर जायचा, हसू मागून यायचं. पोटच्या पोरींनीही तिला तसं उघडं हसताना पाहिलं नव्हतं. आणि तो फोटो आता भलत्यासलत्यांच्या फोनवर, खाली लाल बदामांच्या रांगा.

मोजपट्टीच्या पायाची आग मस्तकात गेली. फोनवरच जुंपली.

"काढ तो फोटो."

"नाही काढत. आई काय एकटी तुझी होती?"

"तिला विचारलं होतंस?"

"तीच म्हणाली काढ म्हणून!"

"काहीही सांगतेस. आई असं म्हणणार?"

"तू होतीस कुठे तेव्हा? तू तर माणसं मोजत होतीस."

बोलणं इथपर्यंत आलं की पुढचं वाक्य कोणाच्याच हातात राहत नाही. मोजपट्टी म्हणाली, "पुन्हा तुझं पान उघडलं तर नाव लावणार नाही." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते पान उघडलं.

शब्द मोडला असं तिला म्हणायचं नव्हतं, म्हणून तिने पळवाटा काढल्या. माणसाने नियम मोडायचा ठरवला की तो आधी वकील होतो. पहिली पळवाट: स्वतःच्या नावाने बघायचं नाही. प्रश्नावली निरनिराळ्या फोनवर नीट उघडते का हे तपासायला विभागाने काही खोटी खाती काढली होती. त्यातलं चाचणी सात तिच्याकडे असायचं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेही ऑफिसचं भांडं. दुसरी पळवाट: आवाज बंद. 'बघणार नाही' असं म्हटलं होतं खरं, पण बघायचंच झालं तर निदान ऐकायचं तरी नाही. अर्धा शब्द मोडला, अर्धा पाळला.

असे दोन हिवाळे गेले. बसच्या थांब्यावर, जिन्यात, डबा खाताना, दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना, मोजपट्टी गुपचूप ते हात बघायची. सुई वर, धागा वर, करंगळी बाहेर. ती वळलेली करंगळी आईची. आई फ्रॉकची बटणं लावायची तेव्हा, दोघींच्या वेण्या घालायची तेव्हा, ती करंगळी अशीच फटकून उभी राहायची. वेणी घालताना तिचं नख कानामागे लागायचं. "हलू नकोस, भांग वाकडा होईल." आवाज बंद असूनही हे वाक्य मोजपट्टीला ऐकू यायचं.

आणि एके दिवशी, पान वरपासून खालपर्यंत चाळताना, तिला दिसलं की फोटो नाही. ताईने तो काढला होता. गाजावाजा न करता, ओळभरही न लिहिता.

मोजपट्टी जिंकली. आणि जिंकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिला तो फोटो आठवायला लागला. ते मिटलेले डोळे. ती मागे गेलेली मान. इतकी वर्षं तळहाताआड राहिलेलं हसू एकदाच बाहेर आलं होतं आणि तेच तिने पुसायला लावलं होतं. तिला तो परत हवा होता. पण मागायचा कसा? "फोटो परत लाव" म्हटलं की ताई विचारणार, "तो काढलाय हे तुला कसं कळलं? तू तर बघत नव्हतीस ना?"

म्हणजे फोटो हवा तर कबुली द्या. नाही तर गप्प बसा आणि हात बघा. ती गप्प बसली.

विधान नऊ (उलटं). बंद करायची वेळ ठरवली की मी त्या वेळेला बंद करतो.

घरात टेलिफोन होता तेव्हा त्याला कुलूप असायचं. काळा, जड फोन. पॅसेजमधल्या तिकाटण्यावर, खाली विणलेला रुमाल. ते पितळी कुलूप लावून किल्ली बाबा खिशात घालून कामावर न्यायचे. आलेला फोन घेता यायचा, आपला लावता यायचा नाही. मुलींना वाटायचं, हे आपल्यावरच आहे. दुसरं कोणावर असणार?

पण ताईने युक्ती शोधली. फोन ठेवायच्या जागी जे बटण दबतं, ते बोटाने झटपट दाबायचं. तीन हवा, तीन ठोके. पाच हवा, पाच ठोके. आकड्यांमध्ये जरा दम घ्यायचा. तबकडी कुलुपातच राहायची आणि पलीकडे घंटी वाजायची! शून्याला दहा ठोके लागत, म्हणून ज्यांच्या नंबरात शून्यं जास्त अशा मैत्रिणी ताईला फारशा आवडत नसत. "तिच्याशी बोलण्यापेक्षा चालत गेलेलं परवडतं," ती म्हणायची.

धाकटीचं काम पहाऱ्याचं. आई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की धाकटी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची, कान वर. आई उतरू लागली की खोकायचं. मोबदल्यात शेवटी एक ठोका तिला मारायला मिळायचा. तेव्हापासून तिच्या बोटाला ती खोड लागली ती कायमची. बैठकीत कंटाळा आला, मनात काही दडवायचं असलं, की तिचं नख टेबलावर कुठलासा जुना नंबर फिरवत बसायचं. टक टक टक. टक टक.

आई कधीच अवेळी उतरली नाही. धाकटीला एकदाही खोकावं लागलं नाही. याचं तिला तेव्हा नवल वाटलं नाही. लहानपणी नशीब चांगलं असलं की ते आपलं कर्तृत्व वाटतं.

विधान अकरा.

चाचणी फेरी झाली. पुष्कळ लोकांनी प्रश्नावली भरली. मोजपट्टीनेही भरली. विभागाच्या माणसांनी भरायला हरकत नव्हती, खरं भरलं तर. नाव लागणार नव्हतंच. तिने खिडकीकडे पाठ करून भरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न झाकता भरली. तिचा निश्चय एकच होता, पान एकच होतं, आणि मोडणंही रोजचंच. त्यामुळे प्रत्येक विधान तिच्यावर बेतून शिवल्यासारखं बसलं. नेहमी. नेहमी. नेहमी. उलट्या विधानांना, जिथे 'नेहमी' म्हणजे ताबा शाबूत, कधीच नाही. शेवटचं बटण दाबलं तेव्हा तिला हलकं वाटलं. कोणाला तरी सांगितलं, आकड्यांना का असेना.

त्यानंतरची बैठक. विभागप्रमुख मॅडम, मोजपट्टी आणि आकडेबुवा. आकडेबुवा म्हणजे विभागाचा संख्याशास्त्रज्ञ. ढेरी, चष्मा आणि हिशेब सोडून सगळ्यावर विनोद.

"हा बसवाला घ्या," तो म्हणाला. "बस उभी राहिली की ह्याचा फोन सुरू. आणि आपल्या मोजपट्टीवर त्याला गुण किती? भोपळा. म्हणजे हा साधुपुरुष?"

"त्याने सोडायचं कधी ठरवलंच नाही," मोजपट्टी म्हणाली. "आपण वेळ मोजत नाही. ठरवणं आणि मोडणं यांच्यातलं अंतर मोजतो. जो ठरवत नाही तो हरत नाही."

"म्हणजे न ठरवणारा सुखी. हे मी लग्नाआधी ऐकायला हवं होतं."

मॅडम हसल्या नाहीत, पण हसू दाबल्याचं दिसलं. "पुढे."

"पुढे, एक ओळ मी काढून टाकलीय. आपल्यापैकीच कोणी तरी फॉर्म चालतो का बघायला खोटा भरला आणि पुसायला विसरला."

"खोटा कशावरून?"

"अहो, पूर्ण गुण! नेहमी म्हणजे नेहमी, उलट्याला बरोब्बर कधीच नाही. एका ठिकाणी घसरलेला नाही. खरा माणूस कुठे तरी कंटाळतो, कुठे तरी अब्रू राखतो. इतका चोख नापास फक्त पेपर काढणाराच होऊ शकतो."

मॅडम आता हसल्या. मोजपट्टीही हसली. हसताना तिचा तळहात तोंडावर गेला आणि तिथेच राहिला.

टेबलाखाली दुसऱ्या हाताचं नख गुडघ्यावर वाजत होतं. दोन वर्षांत एकदाच ती खरं बोलली होती, आणि ते खोटं म्हणून केरात गेलं होतं. बोलायचं तर आत्ता, असं तिला वाटलं. मग मॅडमनी पान उलटलं आणि तो 'आत्ता' निघून गेला.

"अकराव्याला लोक अडखळलेत," मॅडम म्हणाल्या. "कोणाचं आहे ते?"

"माझं. ऐनवेळी बदललं."

"खुर्चीत बसलात?"

"नाही."

"मग बसा. आजच."

विभागाची ही रीत होती. जुन्या खिडकीशी एक खुर्ची होती, तिला चवीची खुर्ची म्हणत. ज्याने शिजवलं त्याने आधी खावं म्हणून. ज्याने विधान लिहिलं त्याने त्या खुर्चीत बसायचं. दुसऱ्याने ते विधान मोठ्याने वाचायचं आणि बसलेल्याने ते ऐकताना मनात जे जे येईल ते बोलून दाखवायचं. थांबला तर विचारणाऱ्याला एकच शब्द वापरायची मुभा: "आणि?"

विचारायला आकडेबुवा बसला. खिडकीबाहेर कोणी तरी सायकलची घंटी दुरुस्त करून वाजवून बघत होतं.

"उघडायचं नाही असं ठरवूनही मी ते उघडतो किंवा उघडते," त्याने वाचलं.

"इथे 'ते' म्हणजे नेमकं काय, असा गोंधळ होऊ शकतो," मोजपट्टी म्हणाली. "उत्तर देणारा ॲपचा विचार करेल की एखाद्या..."

"हे तू लेखात लिही. खुर्चीत जे येतं ते सांग."

"येत काही नाही."

"आणि?"

"आणि काही नाही."

"मग हे टकटक काय चाललंय मघापासून?"

तिने हाताकडे पाहिलं. खुर्चीच्या हातावर नख आपलं आपण चाललं होतं.

"नंबर आहे," ती म्हणाली. "ताईच्या मैत्रिणीचा. बाल्कनीत कबुतरं पाळायची ती."

"आणि?"

मग ती बोलली. आधी कुलूप, मग जिन्याची पायरी. मग रुमालावरचा काळा फोन, त्याचा कानाला लागणारा गारवा, दोघींनी एकाच रिसीव्हरला डोकी चिकटवून ऐकणं आणि ताईच्या केसांचा वास. मग फोटो, मग आपण काय म्हणालो ते. मग चाचणी सात. बोलताना ती एकदाही आकडेबुवाकडे बघत नव्हती. तो चार वेळा 'आणि?' म्हणाला असेल. नंतर त्याला म्हणावंच लागलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "तू काढलेली ती ओळ माझी आहे. खरी आहे."

आकडेबुवाने चष्मा काढला, पुसला, घातला. विनोद शोधत असावा. सापडला नाही.

"परत घालतो," तो म्हणाला. "आणि विधान ठीक आहे. फक्त 'ते' बदलू नकोस. ज्याचं जे 'ते' असेल ते त्याला बरोबर कळतं." दाराशी जाऊन तो थांबला. "मोजपट्टी, माझी एवढी वर्षं आकड्यांत गेली. सगळ्यांत वरच्या टोकाला असं एकटं कोणी दिसलं की मी चूक समजून पुसतो. सवय आहे. तू फोन कर ना तिला."

"काय सांगू?"

"मला काय विचारतेस? मी तर बायकोलाही निरोप पाठवतो, तेही ती शेजारच्या खोलीत असताना." आणि तो गेला.

विधान सतरा. थांबल्यावर मला काही तरी राहून गेल्यासारखं वाटतं.

तिने त्याच खुर्चीत बसून फोन लावला. स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नावाने. घंटी वाजत राहिली तेवढ्या वेळात तिने पहिलं वाक्य चार वेळा लिहिलं आणि खोडलं.

"बोल, चाचणी," ताई म्हणाली.

"तुला... कसं..."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? फोटो नाही, ओळख नाही, आणि नाव काय तर चाचणी. आपल्या घराण्यात लोकांच्या चाचण्या घेत हिंडणारी एकच आहे. सात कशाला गं? आधीच्या सहा कोण?"

"ऑफिसच्या आहेत."

"बघ म्हणजे. रुसली तीही ऑफिसच्या खर्चाने."

मोजपट्टीला हसू आलं. "तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस मग?"

"बोलले नाही? अगं, घसा बसेपर्यंत बोलतेय! प्रत्येक व्हिडिओत बोलतेय. तूच ढिम्म. त्या तपकिरी कोटाच्या कोपराच्या वेळी तर सरळ विचारलं, नाव न घेता, की बाई गं, फोटो पानावरून काढलाय, आता तरी राग गेला का. एवढंच नाही, तो फोटो कसा काढला तेही सगळं सांगितलं. तुझा हूं नाही की चूं नाही. मग मी म्हटलं, असो, दगडाला पाझर फुटेल तेव्हा फुटेल."

पलीकडे शिवणयंत्राच्या पायाचा आवाज थांबला. मोजपट्टीने डोळे मिटले.

"ताई, मी आवाज बंद ठेवून बघते."

"काय?"

"पान बघणार नाही म्हटलं होतं ना. म्हणून मग... निदान ऐकायचं तरी नाही, असं."

ताई हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून, मग खोकला येईपर्यंत.

"मांजर डोळे मिटून दूध पितं, तू कान मिटून! अगं बये, मग मी एवढे दिवस कोणाशी बोलत होते? परकी माणसं लिहितात, रफूवाल्या ताई, तुमच्या घरच्या गोष्टी फार आवडतात. आणि जिला सांगायच्या ती येते आणि नुसते हात बघून जाते!"

"हात आईचे आहेत."

हसणं थांबलं. 

"करंगळी तेवढी," ताई हळूच म्हणाली. "बाकीची चार माझी आहेत."

सायकलची घंटी बाहेर पुन्हा वाजली, आता ठणठणीत.

"ताई, तो फोटो परत लाव."

"नाही."

"मी म्हणतेय ना. माझं चुकलं."

"चुकलं अर्धं. दात न लावता ती दार उघडत नसे, आणि मी तिला चव्हाट्यावर बसवली, हे मला मागून कळलं. तुझ्या सांगण्यावरून नाही हं काढला. माझं मला कळलं म्हणून."

"मग मला तरी पाठव."

"पाठवत नाही. भिंतीवर लावलाय, शिवणयंत्राच्या वर. बघायचा तर ये. आणि येण्याआधी कान उघड. सगळं ऐकून ये, मी तेच तेच परत सांगणार नाही. माझ्या तोंडाला काय रीळ लावलंय?"

"येते."

"कधी?"

तिने सांगितलं. ताई म्हणाली, "बघू हं. तू ठरवतेस आणि मोडतेस, असं तुझंच शास्त्र सांगतं," आणि ठेवायच्या आधी फोनवर नखाने काही तरी वाजवलं. मोजपट्टीला मोजावं लागलं नाही. कबुतरंवालीचा नंबर.

आवाज

तपकिरी कोट. कोपराला भोक. तिने हा व्हिडिओ किती वेळा पाहिला होता! सुई कुठे शिरते, धागा कुठे तुटतो, सगळं पाठ. अंगठ्याने तिने आवाजाची खूण दाबली.

आधी दिव्याची गुणगुण. मग कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग ताई, जराशी बसलेल्या आवाजात, जणू शेजारच्या पाटावर बसलीय:

"...तर कोपर. कोपर झिजतं ते टेकून टेकून. आमच्या आईचं झिजायचं. मी शेवटी शेवटी तिच्याजवळ होते, तेव्हा एकदा तिला विचारलं, आई, ते फोनचं कुलूप आठवतं? आम्ही ठोके मारून फोन लावायचो, तुला पत्ताच नव्हता. तर म्हणते, पत्ता नसायला काय झालं? गच्चीवर सगळी टकटक ऐकू यायची. तुमचं होईपर्यंत मी वाळत घातलेले कपडे काढायचे आणि परत घालायचे. मी म्हटलं, मग रागावली का नाहीस? कुलूप आमच्यासाठीच होतं ना? तर म्हणते, तुमच्यासाठी कशाला? माझ्यासाठी होतं. मावशीला फोन लावला की माझ्याने ठेववतच नसे. चुलीवर दूध, दारात माणूस, तरी मी बोलतेच. म्हणून मीच तुमच्या बाबांना म्हटलं, कुलूप लावा आणि किल्ली घेऊन जा. आणि वर मी गच्चीवर ओले कपडे हातात घेऊन उभी, खाली माझ्या पोरी कुलूप असताना खुशाल बोलतायत! कितीदा वाटलं, उतरावं आणि म्हणावं, पोरींनो, मावशीचाही नंबर ठोकून द्या की गं. असं म्हणाली आणि हसायला लागली. हात तोंडावर न्यायचा तोही विसरली. मग तिला एकदम कळलं. मला वाटलं, आता कवळी मागेल. तर मला म्हणते, अशी कशी दिसते गं मी? काढ बघू. धाकटीलाही दाखव. तिला म्हणावं, पहारा चांगला दिलास..."

सुई वर आली. धागा वर आला. करंगळी बाहेर.

मोजपट्टीने व्हिडिओ थांबवला नाही. तो संपला तेव्हा पुढचा आपोआप सुरू झाला, आणि त्याच्या पुढचा. मोजपट्टी खुर्चीत मागे टेकली. मान मागे गेली. तोंडावर हात नव्हता. दारातून आकडेबुवाने डोकावलं, पाहिलं, आणि काही न बोलता दार लोटून घेतलं.

*

घरात टेलिफोन आला त्या दिवशी आईने पहिला फोन वेळ सांगणाऱ्या नंबरवर लावला, आणि पलीकडची टेपवरची बाई घड्याळातली वेळ पुन्हा पुन्हा सांगत राहिली तोवर आई "हो, हो" म्हणत रिसीव्हर कानाला लावून उभी होती.